मोकळ्या जागेवर भाड्याची चाळ : खर्चाचा अदमास

पडीक जागेपासून उत्पन्न व्हावें म्हणून पुष्कळ जमीनधारक कर्ज काढून चाळ बांधावयास घेतात. अदमास चुकला तर चाळ अर्धी राहते व जमीन गहाण पडते. याकरितां आधीं हिशेब, मग कुदळ.

दहिसर १९५७ सालीं मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. तेव्हां नकाशे, परवानगी व शुल्क हा खर्च प्रथम मांडावा. येथील जमीन एकसारखी नाहीं. पूर्वेस डोंगराकडे मुरूम व खडक लवकर लागतो. पश्चिमेस खाडीलगत चिखल खोल असल्यामुळें पाया महाग पडतो. नदीकांठीं २६ जुलै २००५ च्या पुराची पातळी विचारून जोतें उंच घ्यावें.

उदाहरणार्थ, १८० चौरस फुटांच्या चार खोल्या म्हणजे ७२० चौरस फूट. भिंती, पडवी व मोऱ्या यांसाठीं चौथा हिस्सा वाढविल्यास ९००. पक्क्या छताच्या कामास दर चौरस फुटीं सुमारें ०.४ पोतें सिमेंट व ४ किलो लोखंड धरल्यास ३६० पोतीं व ३६ क्विंटल होतात. त्यांस चालू भावानें गुणून विटा, वाळू, खडी, दारें-खिडक्या, नळ, वीज व मजुरी मिळवावी. एकूण रकमेवर शेंकडा १० अकल्पित खर्च धरावा.

भाडें बारा महिन्यांचें न धरतां अकराच महिन्यांचें धरावें. कर व दुरुस्ती वजा जातां उरलेली रक्कम कर्जाच्या वार्षिक हप्त्याहून अधिक असेल तरच पायास हात घालावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाप्रमाणें करार लेखी व नोंदलेला असावा. ती जबाबदारी घरमालकाची आहे.