मिरगात ये

पर्यावरणीय परिणामांचा अहवाल मी मागून वाचायला घेते. पाहणी कुठे आणि कोणत्या तारखांना झाली, ते परिशिष्टांत सापडतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, प्रकल्पाचा अहवाल असाच वाचत होते. मराठी सारांशात सड्याबद्दल एकच शब्द होता, 'पडीक'. पाहणी झाली होती डिसेंबर ते फेब्रुवारीत. त्यात नियमभंग नव्हता. २००६ च्या अधिसूचनेनुसार चालणाऱ्या पर्यावरणीय मंजुरीच्या प्रक्रियेत अनेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरते.

मार्चमध्ये गेले तेव्हा सडा अहवालातल्यासारखाच दिसला. काळा जांभा, करपलेलं गवत, चपलेतून पोचणारी धग. सड्याच्या पायथ्याच्या वाडीत एका आजींनी तांब्याभर पाणी दिलं.

"आता काय बघणार, बाय? मिरगात ये."

कुठल्याही वर्तमानपत्राच्या पगारावर मी नाही. पुन्हा जायचं तर कुणाची परवानगी लागत नाही, पण भाडंही कुणी देत नाही. लेखाचं मानधन एकदाच मिळतं, मग फेरी एक असो की चार. माझं घर भाषांतरांवर चालतं. पण ऋतू पालटताना तीच जागा पुन्हा बघायला मिळाली नाही, तर या कामात माझ्या हाती फक्त दोन्ही बाजूंची निवेदनं उरतात.

मिरगाच्या आधी, मे संपताना एक फेरी केली. सुताच्या दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि आजींच्या नातवाबरोबर विहिरी मोजल्या. खाडीकडच्या दोन विहिरी तळाला गेल्या होत्या. सड्याला टेकून असलेल्या तिन्ही विहिरींत मात्र पुरुषभर पाणी. भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना आकडे दाखवले. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून मुरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडतं आणि पायथ्याशी हळूहळू पाझरतं, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

पंचायत समितीत टँकरच्या नोंदी मागितल्या तेव्हा "कोणत्या पेपरच्या?" असा प्रश्न आला. उत्तर देता येईना, म्हणून माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला. तिथे ओळखपत्र लागत नाही, नागरिक असणं पुरतं. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये सरकारला सादर झाला आणि लोकांना २०१२ मध्ये वाचायला मिळाला, तोही अशाच एका अर्जातून उभ्या राहिलेल्या न्यायालयीन लढ्यानंतर. मला तिसाव्या दिवशी उत्तर आलं. पाच वर्षांत या वाडीला एकही टँकर लागला नव्हता.

जूनमध्ये सडा ओळखू येईना. कातळाच्या खळग्यांत पाणी, पाण्यात बेडकांची अंडी आणि दीपकाडीची पांढरी फुलं. दीपकाडी मुख्यतः कोकणातच उगवते. ऑगस्टमध्ये सीतेची आसवं फुलली. जांभळट, नखाएवढी, पण मुळाशी सूक्ष्म किडे पकडणाऱ्या पिशव्या. ओल्या दगडावर गुडघे टेकून दुपारभर फोटो काढले. प्रत्येकाखाली तारीख आणि वेळ लिहिली. लेखावर कुणी बोट ठेवलं तर याच नोंदी माझ्या बाजूने बोलणार होत्या.

प्रकल्पाची एकदा पुढे ढकललेली जनसुनावणी नोव्हेंबरमध्ये झाली. व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, बाजूला व्हिडिओ कॅमेरा. कोण किती वाजता काय बोललं, ते मी वहीत शब्दशः उतरवत होते. आजी माइकपाशी गेल्या. कोणत्या विहिरीत मे महिन्यात किती हात पाणी असतं, ते त्यांनी पाचही विहिरींचं सांगितलं. आवाज थरथरत होता, आकडे नाही.

सुनावणीचं इतिवृत्त तिथेच, लोकांसमोर, त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. संध्याकाळी ते वाचलं गेलं. आजींच्या नावापुढे एक ओळ होती, 'पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.' मंडप अर्धा रिकामा झाला होता. मी वहीत त्या ओळीखाली रेघ मारली. मागच्या रांगेतून त्यांचा नातू उभा राहिला.

"साहेब, आजीनं चिंता नाय सांगितली. हात सांगितले. ते लिहा."

लिपिकाने पेन उचललं. पाचही आकडे पुन्हा सांगितले गेले आणि कागदावर आले.