पाहिलें आणि करून पाहिलें

आमच्या शिक्षकीच्या ३६ वर्षांपैकीं जवळजवळ ३० वर्षें आम्हीं शालान्त परीक्षेस बसणाऱ्या मुलांसाठीं पहाटेचा वर्ग चालविला. शाळा पालीपासून फार दूर नव्हती. पहाटे साडेपांचास आम्ही दिवा लावीत असूं आणि मुलें, पावसाळा असेल तर डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन आणि थंडी असेल तर आईची शाल गुंडाळून, एकेक करून येऊन बसत. त्या वर्गास नियमानें येणाऱ्या मुलांपैकीं बहुतेक सर्व उत्तीर्ण होत. न येणाऱ्यांपैकीं निम्मीं देखील कष्टानें होत. हें कांहीं एका वर्षाचें नव्हे. वर्षानुवर्षें आम्हीं तें डोळ्यांनीं पाहिलें, वहींत लिहून ठेविलें आणि पालकांच्या सभेंत मोठ्या अभिमानानें सांगितलें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमची पुण्यास संख्याशास्त्र शिकणारी नात घरीं आली होती. माळ्यावरच्या पेटींतून तिनें त्या वह्या काढल्या, दोन दिवस आंकडे पाहिले, आणि ओटीवर सुपारी कातरीत बसलेल्या आम्हांस विचारलें, "आजोबा, पहाटे साडेपांचला उठून कोण येत असे?"

आम्ही म्हणालों, "ज्याला पास व्हायचें असे तो."

"मग तो तुमच्याकडे न येतांहि पास झाला असता कीं नाहीं, हें तुम्हांला कशावरून कळलें?"

आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. तीस हिवाळ्यांचा हिशेब एका वाक्यांत कोणी मागावा, हें कोणासहि गोड वाटणार नाहीं. परंतु रागावल्यानें प्रश्न कांहीं उठून जात नाहीं. तो रात्रीं अंथरुणांत आमच्या शेजारींच येऊन पडला.

तिच्या शास्त्रांत ज्ञानाचे दोन मार्ग मानितात. एक निरीक्षणाचा. जग जसें चाललें आहे तसें चालूं द्यावयाचें, आणि आपण बाजूस बसून नोंद ठेवावयाची. दुसरा प्रयोगाचा. कोणास काय द्यावयाचें हें आपणच ठरवावयाचें, आणि मग काय होतें तें पाहावयाचें. आपल्या मराठींत हा भेद 'पाहणें' आणि 'करून पाहणें' ह्या दोन क्रियापदांत पूर्वींच येऊन बसलेला आहे. डाळ शिजत नाहीं हें कोणासहि दिसतें. पण तो दोष डाळीचा कीं विहिरीच्या पाण्याचा, हें तीच डाळ दोन पाण्यांत शिजवून पाहिल्याखेरीज कळत नाहीं. हें आमच्या आईस ठाऊक होतें. आम्हांस वर्गाच्या बाबतींत सुचलें नाहीं.

ज्यांनीं थोडेंबहुत न्यायशास्त्र वाचलें आहे त्यांस ह्यांतील मर्म नवें वाटूं नये. धूर दिसला तर अग्नि आहे, हें अनुमान निर्दोष. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असें कोणी म्हणूं लागला तर नैयायिक त्यास तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवितो. तेथें अग्नि आहे, धूर नाहीं. धूर निघतो तो ओल्या सर्पणाच्या योगानें. तें ओलें सर्पण ही त्या अनुमानांतील उपाधि होय. जो जन्मभर ओलें लांकूड घातलेल्या चुलीपुढेंच बसला, त्यास अग्नि आणि धूर नेहमीं जोडीनेंच दिसणार आणि तो फसणार. आमचें तसेंच झालें. वर्ग हा अग्नि, उत्तीर्ण होणें हा धूर. आणि ज्या ओल्या सर्पणाकडे आम्हीं पाहिलेंच नाहीं तें म्हणजे मुलाची स्वतःची ईर्षा, त्याच्या आधीं उठून चहा करून देणारी आई, आणि अंबा नदीच्या अलीकडे असलेलें घर.

पालीपासून तीनएक किलोमीटरांवर उन्हेऱ्याचीं गरम पाण्याचीं कुंडें आहेत. तेथें स्नान केल्यानें संधिवात हटतो अशी ख्याति आहे, आणि गुण आलेलीं माणसें आम्हांस दरवर्षीं भेटतात. ज्यांस गुण आला नाहीं तीं पुन्हां येतच नाहींत; मग तीं भेटावींत कशीं? आमच्या सौभाग्यवतींचे गुडघेहि तेथें जाऊन आल्यावर हलके होतात. तें पाण्यामुळें, कीं त्या दिवशीं स्वयंपाकघरास सुटी असते त्यामुळें, हा प्रश्न आम्हीं घरांत अद्याप काढलेला नाहीं.

ह्या उन्हेऱ्याशीं नामसादृश्य असलेलें उंधेरा नांवाचें एक गांव बडोद्याजवळ आहे. प्रयोग म्हणजे काय, हें आम्हांस त्या गांवाच्या हकीकतीनें समजलें. मात्र तेथें पोंचण्यापूर्वीं वाटेंत भायखळ्यास थांबलें पाहिजे.

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस ह्यांनीं प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढील कांहीं महिन्यांत अर्धी मुंबई वाट फुटेल तिकडे निघाली. हाफकिन नांवाच्या रशियांतून आलेल्या शास्त्रज्ञानें ग्रँट मेडिकल कॉलेजांत बसून प्लेगवरील लस सिद्ध केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत रोग शिरला. तेथील जे कैदी आपण होऊन पुढें आले त्यांस लस टोचण्यांत आली. टोचून न घेतलेल्या सुमारें पावणेदोनशें कैद्यांपैकीं १२ जणांस प्लेग झाला व ६ मेले. टोचून घेतलेल्या सुमारें दीडशें कैद्यांपैकीं २ जणांस झाला. मेला कोणी नाहीं.

आंकडे बोलके आहेत. तरीहि 'आपण होऊन पुढें आले' हे शब्द वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावे. पहाटे साडेपांचास आपण होऊन येणारीं आमचीं मुलें तीं हींच. तुरुंगांत अन्न एक, पाणी एक, भिंती त्याच, म्हणून बाहेरच्या शहरापेक्षां तेथें उपाधि कमी, हें खरें. तथापि सुईपुढें दंड करणारा कैदी मूळचाच धडधाकट असेल, किंवा जिवास अधिक जपणारा असेल, आणि वांचला तो त्या गुणावर वांचला असेल, अशी शंका घेणाराचें तोंड ह्या आंकड्यांनीं बंद होत नाहीं.

उंधेऱ्यास हाफकिन ह्यांनीं हीच शंका मिटविण्याची योजना केली. फेब्रुवारी १८९८ मध्यें त्या गांवांत प्लेग चालू असतां त्यांनीं घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. पुरुष, स्त्रिया, मुलें, अशक्त, सशक्त हीं दोहोंकडे शक्य तितकीं सारखीं ठेवून एका भागास लस टोचली व दुसऱ्यास टोचली नाहीं. छप्पर एक, ताटें एक, अंथरुणें एक. उंदीर आणि पिसवा ह्यांचा ह्या रोगांत किती वांटा आहे, हें तेव्हां पुरतें उमगलेलें नव्हतें. तरी घर एकच ठेविल्यामुळें तो वांटाहि दोहोंकडे सारखाच पडला. जें कारण ठाऊकहि नाहीं त्याचीसुद्धां समान विभागणी होते, हें ह्या युक्तीचें मोठेपण.

कांहीं आठवड्यांनीं मोजणी झाली. ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला होता त्यांत लस टोचलेलीं माणसें ७१ होतीं. त्यांपैकीं ८ जणांस रोग झाला आणि ३ मेलीं. न टोचलेलीं ६४ होतीं. त्यांपैकीं २७ जणांस रोग झाला आणि २६ मेलीं.

ह्या आंकड्यापाशीं आम्ही पुष्कळ वेळ थांबलों. आमच्या आजीच्या माहेरीं प्लेगांत गांव सोडून शेतांत झोपड्या बांधून राहिले होते, आणि त्या झोपड्यांतून कोण परत आलें, कोण आलें नाहीं, हें तिनें आपल्या आईकडून ऐकलेलें ती आम्हांस सांगत असे. एका पंक्तीस जेवणाऱ्या दोन भावांपैकीं एकाच्या दंडावर सुई, दुसऱ्याच्या नाहीं. आणि निवड त्यांची नव्हे. त्या दिवशीं लस खात्रीची आहे हें कोणास ठाऊक नव्हतें, तिनें ताप येई, दंड सुजे, तेव्हां वगळलेल्यावर अन्याय झाला असें त्या दिवशीं कोणी म्हटलें नसतें. उत्तर कळल्यावर मागें वळून पाहतों म्हणून आपणांस तें क्रूर दिसतें. असें आम्ही स्वतःस सांगतों. पुरतें समाधान होत नाहीं.

उंधेऱ्याच्या वांटणींत एक फट मात्र राहिली. ती वांटणी माणसाच्या नजरेनें झाली होती, आणि नजर कितीहि प्रामाणिक असली तरी तिचा कल कोठें जाईल हें तिचें तिलाहि कळत नाहीं. ही फट बुजविली रोनाल्ड फिशर ह्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानें. १९२० नंतरच्या दशकांत रोथॅमस्टेड येथील शेतांवर काम करीत असतां त्यानें सांगितलें कीं, कोणत्या वाफ्यास कोणतें खत हें शेतकऱ्यानेंहि ठरवूं नये, शास्त्रज्ञानेंहि ठरवूं नये. भिशीच्या चिठ्ठीसारखी चिठ्ठी काढावी. चिठ्ठीस कोणाची ईर्षा ठाऊक नाहीं, कोणाची आई ठाऊक नाहीं. वाफे किंवा माणसें पुरेशीं असलीं म्हणजे सर्व उपाधि, आपण ज्यांचीं नांवें जाणतों त्या आणि जाणत नाहीं त्याहि, दोहोंकडे बहुतांशीं सारख्या वांटल्या जातात. पुढें ब्रिटनमध्यें स्ट्रेप्टोमायसिन ह्या क्षयावरील औषधाची ह्याच रीतीनें झालेली परीक्षा १९४८ सालीं प्रसिद्ध झाली, व तेव्हांपासून नव्या औषधास ही कसोटी रूढ झाली.

कसोटी टाळली तर काय होतें, ह्याचें उदाहरण आमच्या वाचक भगिनींच्या जिव्हाळ्याचें आहे. पाळी थांबल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांस हृदयविकार कमी होतो, असें अमेरिकेंत हजारों स्त्रियांच्या नोंदींवरून अनेक वर्षें दिसत होतें, आणि डॉक्टर त्या गोळ्या हृदयासाठींहि देत. मग १६,००० हून अधिक स्त्रियांत चिठ्ठीच्या रीतीनें वांटणी करून प्रयोग झाला. २००२ मध्यें तो मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. हृदयविकार कमी होण्याऐवजीं किंचित् वाढलाच, शिवाय पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग ह्यांचें प्रमाणहि वाढलें. पूर्वींच्या नोंदींत गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळांतच सुस्थितींतल्या व प्रकृतीस जपणाऱ्या होत्या, हें त्या घोटाळ्याचें एक मोठें कारण मानितात.

एवढ्यावरून निरीक्षण टाकाऊ, असें मात्र कोणी समजूं नये. शंभर माणसांच्या नांवाच्या चिठ्ठ्या टाकून पन्नासांस तंबाखू खाण्याची सक्ति करील असा शास्त्रज्ञ कोठें मिळणार, आणि मिळाला तर त्यास तुरुंगांतच ठेवावा लागेल. येथें पाहण्यावांचून गति नाहीं. म्हणून १९५५ सालीं सांघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं मुंबईच्या रोग्यांच्या चौकशीवरून तंबाखू ओढणें व खाणें ह्यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशीं असलेला संबंध प्रसिद्ध केला. पुढें १९९१ ते १९९७ ह्या काळांत मुंबईंत, मतदारयाद्यांवरून, पस्तिशी गांठलेल्या सुमारें १,४८,००० माणसांची नोंद करून त्यांपैकीं कोण किती जगलें ह्याचा वर्षानुवर्षें माग काढण्यांत आला. बिडी ही सिगारेटीहून सौम्य नव्हे, हें त्यांतून दिसलें. असें निरीक्षण विश्वासास पात्र कां होतें? तर वय, शिक्षण, कमाई अशा उपाधि एकेक करून बाजूस काढतां येतात, आणि निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या रीतीच्या पाहण्या एकच उत्तर देतात म्हणून. आमच्या वहींत ह्यांतलें कांहींच नव्हतें.

आणि तरीहि, त्याच वहींत एक प्रयोग पडून होता. १९९६ च्या पावसाळ्यांत वर्गाच्या खोलीचें छप्पर गळूं लागलें आणि निम्म्याच मुलांस पुरेल इतकी जागा कोरडी राहिली. यावयास उत्सुक सगळींच होतीं. भांडण नको म्हणून आम्हीं टोपींत चिठ्ठ्या टाकल्या व पहिलींतल्या एका मुलीकडून काढविल्या. त्या वर्षाचें पान नातीनें वेगळें काढून ठेविलें होतें. चिठ्ठी निघालेल्यांचा आणि न निघालेल्यांचा निकाल जवळजवळ एकसारखा. मुलें थोडीं होतीं, एवढ्यावरून वर्ग निरुपयोगी ठरत नाहीं, असें तिनेंच आम्हांस समजावलें, बहुधा दयेनें. तीस वर्षें वही आमच्याच हातांत होती, आणि तें पान आम्हीं उलटून गेलों होतों.

तिला आम्हीं सांगितलें नाहीं तें येथें सांगतों. १९९१ सालीं अंबेच्या पलीकडील एका वाडीवरचा मुलगा पहाटे येऊं शकत नसे. नदीला पूर आला कीं पूल पाण्याखालीं जाई, आणि एरव्हीं गुरांचें त्यास पाहावें लागे. मुलगा हुषार नव्हता, मठ्ठहि नव्हता. आम्हीं त्याच्या बापास शाळेंत बोलावून आंकडे दाखविले आणि म्हटलें, "वर्गाला न येणारीं मुलें बहुधा नापासच होतात, हा आमचा अनुभव आहे. फॉर्मचे पैसे भरतांना विचार करा." बापानें विचार केला. गुरुजींच्या वहीवर विश्वास ठेवून त्यानें दिवाळीनंतर मुलास शाळेंतून काढलें आणि खोपोलीस कामास लाविलें.

यंदाच्या माघी उत्सवांत बल्लाळेश्वराच्या देवळाबाहेर एक पन्नाशीचा गृहस्थ वांकून आमच्या पायां पडला. आम्हीं ओळखलें नाहीं. त्यानें नांव सांगितल्यावर ओळखलें. शेजारीं त्याचा मुलगा उभा होता, यंदा दहावीस जाणारा. "गुरुजी," तो म्हणाला, "तुमचा पहाटेचा वर्ग अजून असतो का? मी काय येऊं शकलों नाहीं. ह्याला तरी पाठवीन म्हणतों."

आम्हीं त्यास सांगितलें, वर्ग आतां नसतो, पण मुलानें आमच्या घरीं यावें. संध्याकाळीं आला तरी चालेल, आणि पाऊस फार असेल त्या दिवशीं येऊं नये. तो "बरं गुरुजी" म्हणून दर्शनाच्या रांगेंत गेला. त्याच्या फॉर्मची गोष्ट आमच्या ओठांपर्यंत आली होती. गर्दी फार होती, आणि मुलगा ऐकत होता.