घडाकडून धडा!

रावेर, यावल, सावद्याकडचे असाल, तर केळीबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगायचं? पण एक प्रश्न. जगात सर्वांत जास्त केळी पिकते भारतात, मग युरोपातल्या सुपरमार्केटात इक्वेडोरची केळी कशी?

उत्तर शोधायची एक रीत आहे, बेंचमार्किंग. बीबीएवाल्यांना पाच मार्कांना येते तीच! आपल्या कामाचा एकेक टप्पा, तो उत्तम करणाऱ्याच्या कामाशेजारी ठेवून पाहायचा. १९७९च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने जपानी यंत्रं इतकी स्वस्त कशी, हे त्यांचे भाग सुटे करून तपासलं. गोदामातून माल झटपट कसा काढायचा, हे शिकायला तर ती कपडे-बूट विकणाऱ्या एल. एल. बीनकडे गेली. शिकवणारा आपल्याच धंद्यातला हवा, असं थोडंच आहे?

आता आपल्या केळीचे टप्पे पाहा. पूर्वी कंद लावला की दीड वर्ष वाट पाहायची. जळगावच्या जैन इरिगेशनने टिश्यू कल्चरची ‘ग्रँड नैन’ रोपं आणि ठिबक शेतकऱ्यांपर्यंत नेलं, पीक वर्षभरात हाती येऊ लागलं. म्हणजे पिकवण्यात आपण कमी नाही.

खरी गोम कटाईनंतर आहे. इक्वेडोरच्या मोठ्या बागांत घड केबलला लटकून पॅकहाऊसला जातो. तिथे फण्या धुऊन, चीक काढून खोक्यात भरतात. आपल्याकडे अजूनही बरेच घड ट्रकमध्ये एकावर एक रचले जातात. साल घासली, डाग पडला की चव तीच, भाव मात्र गेला!

हा टप्पा सुधारला की काय होतं? २०१६मध्ये जीआय मिळालेली जळगावची केळी जून २०२१मध्ये तांदलवाडीहून दुबईला रवाना झाली.

पण आंधळी नक्कल नको. इक्वेडोरच्या बागांना आपल्यासारखा ४५ अंशांचा मे महिना सोसावा लागत नाही. म्हणून आपल्याकडे बागेभोवती गजराज गवत किंवा हिरवी नेट लागते. पद्धत शिकायची, ती आपल्या मातीला जुळवून.

तेव्हा जळगावात शिका की धुळ्यात, टॉपरचे मार्क पाहून नुसतं जळू नका. तो रिव्हिजन कधी करतो, जुने पेपर किती सोडवतो, ते विचारा. तुमचा घड नेमका कुठे घासतोय, ते तिथेच कळेल.