हिमक्षेपक, उद्यान ट्रॅक्टरवरील

हिमक्षेपक, उद्यान ट्रॅक्टरवरील : घराभोवतीचा रस्ता, अंगण व पदपथ यांवर साचलेले हिम गोळा करून ते दूर फेकण्यासाठी लहान ट्रॅक्टरच्या पुढील बाजूस जोडावयाचे यंत्र. ते स्नोब्लोअर या नावानेही ओळखले जाते. कॅनडा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग इ. प्रदेशांत उन्हाळ्यात हिरवळ कापण्यासाठी वापरला जाणारा ट्रॅक्टर हिवाळ्यात या जोडणीमुळे हिम काढण्यासही उपयोगी पडतो. तेथे घरापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतची वाट मोकळी असणे ही केवळ सोयीची बाब नसते. रुग्णवाहिका वा अग्निशामक गाडी दारापर्यंत पोहोचणे त्यावर अवलंबून असते.

इतिहास : चक्राच्या साहाय्याने हिम फेकण्याची कल्पना प्रथम लोहमार्गांसाठी पुढे आली. टोराँटो येथील दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी १८६९ मध्ये अशा यंत्राचे एकस्व घेतले. पुढे ऑरेंज जल यांनी त्यात सुधारणा केल्या व १८८० नंतरच्या दशकात ही यंत्रे प्रत्यक्ष वापरात आली. रस्त्यावर चालणारे हिमक्षेपक यंत्र क्वेबेक प्रांतातील आर्तूर सिकार यांनी १९२५ मध्ये तयार केले. घरगुती वापराची लहान यंत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसार पावली.

रचना व कार्य : एकपदी प्रकारात एकच मळसूत्र हिम खरवडते, मध्यभागी आणते व निर्गम नळीतून फेकते. द्विपदी प्रकारात सावकाश फिरणारे मळसूत्र हिम फक्त गोळा करते आणि त्यामागील वेगवान क्षेपक चक्र ते बाहेर फेकते. एंजिनाची शक्ती पट्ट्याने किंवा शक्तिनिर्गम दंडाने यंत्राला मिळते. उद्यान ट्रॅक्टरवरील यंत्राची रुंदी सामान्यतः १ ते १.२ मी. असते.

कार्यक्षमतेचे गणित : नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाची घनता दर घ. मी.ला ५० ते १०० किग्रॅ., दबलेल्या हिमाची २०० ते ३०० किग्रॅ. व ओल्या हिमाची त्याहूनही अधिक असते. १.१ मी. रुंदीचे यंत्र २० सेंमी. जाडीच्या थरातून दर सेकंदास ०.५ मी. वेगाने पुढे गेल्यास सेकंदाला ०.११ घ. मी. हिम त्यात शिरते. १०० किग्रॅ. घनतेचे हिम असल्यास हे वस्तुमान ११ किग्रॅ. आणि ३०० किग्रॅ. घनतेचे असल्यास ३३ किग्रॅ. भरते. ४० सेंमी. व्यासाचे चक्र मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदास सु. २१ मी. असतो. तेवढा वेग हिमाला देण्यास पहिल्या बाबतीत सु. २.४ किवॉ. (३.३ अश्वशक्ती), तर दुसऱ्या बाबतीत सु. ७.३ किवॉ. (जवळजवळ १० अश्वशक्ती) लागते. खरवडणे व घर्षण यांत खर्च होणारी शक्ती वेगळीच.

यावरून एक नियम निघतो : हिम जड झाले की ट्रॅक्टरचा वेग कमी करावा, एंजिनाचा नव्हे. एंजिनाचे फेरे कमी केल्यास फेक अपुरी पडते, नळीत हिम साचते आणि यंत्र तुंबते. म्हणून एंजिन पूर्ण नियंत्रित वेगाने चालवून पुढे जाण्याचा वेग स्वतंत्रपणे कमी-अधिक करता येणारे द्रवचालित प्रेषण या कामी विशेष सोयीचे ठरते. थर जाड असल्यास यंत्राची अर्धीच रुंदी वापरावी.

सुधारणा : क्षेपक चक्राची पाती व भोवतालचे कवच यांत मोठी फट असल्यास ओले हिम फेकले न जाता फटीतून मागे सरकते व नळीत बसते. पात्यांच्या कडांना दणकट रबरी पट्ट्या बोल्टांनी बसवून ही फट बुजवितात. कोरड्या हिमात याचा फरक थोडाच जाणवतो. ओल्या हिमात तो मोठा असतो. गंजलेल्या व खरखरीत पृष्ठभागाला हिम चिकटते. म्हणून कवच व नळी घासून रंगवितात आणि त्यांवर मेण वा सिलिकोनाचा लेप देतात. उबदार खोलीतून आणलेल्या यंत्रावर हिम वितळून पुन्हा गोठते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी यंत्र बाहेरच्या तापमानाला थंड होऊ द्यावे.

ढिला किंवा झिजून गुळगुळीत झालेला पट्टा घसरतो व एंजिन सबळ असूनही चक्राला शक्ती मिळत नाही. कप्पी बदलून चक्राचे फेरे वाढविण्याचा मोह टाळणे इष्ट. वेग दुप्पट झाल्यास त्याच वस्तुमानाला चौपट ऊर्जा लागते आणि पाती, धारवे व दंतचक्रपेटी यांवरील ताणही वाढतो.

कर्षण हा दुसरा महत्त्वाचा घटक होय. पुढे बसविलेले यंत्र उचलले असता मागील चाकांवरील भार कमी होऊन ती घसरतात. त्यासाठी मागे वजने टांगतात व दोन्ही चाकांना साखळ्या बांधतात. यंत्राखालील घसरपट्ट्या फरसबंदीवर जमिनीलगत, तर खडीच्या वाटेवर २-३ सेंमी. उंच ठेवतात, अन्यथा खडी चक्रात शिरून गोळीसारखी फेकली जाते. फेक शक्यतो वाऱ्याच्या दिशेने ठेवावी आणि एकदा फेकलेले हिम पुन्हा उचलावे लागणार नाही असा क्रम आखावा.

सुरक्षितता : मळसूत्र दगडात अडकल्यास त्याच्या दंडावरील मऊ धातूची खीळ तुटते व दंतचक्रे वाचतात. तिच्या जागी कठीण पोलादी बोल्ट बसविल्यास हे संरक्षण नाहीसे होते. सर्वांत गंभीर अपघात तुंबलेली नळी हाताने मोकळी करताना होतात. एंजिन बंद केल्यावरही ताणलेल्या पट्ट्यात ऊर्जा शिल्लक राहू शकते. अडथळा निघताच चक्र एकदम फिरते व बोटे तुटतात. म्हणून एंजिन बंद करून, किल्ली काढून, चक्र थांबल्याची खात्री झाल्यावर लाकडी दांडक्यानेच हिम काढावे. हात कधीही घालू नये. आसनाखालील सुरक्षा स्विच निकामी करू नये. बंद खोलीत एंजिन चालविल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो.

भारतात हिमालयातील रोहतांग, झोजी ला यांसारख्या खिंडींतील रस्ते मोकळे करण्यासाठी सीमा रस्ते संघटना मोठी हिमछेदक यंत्रे वापरते. त्यांची शक्ती कितीतरी अधिक असली, तरी घनता, फेकीचा वेग व पुढे सरकण्याचा वेग यांचा परस्परसंबंध तेथेही हाच असतो.