रक्तातील चरबी आणि स्तनाच्या कर्करोगाची पुढची वाटचाल

स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या फाईलमध्ये लिपिड प्रोफाइलचा कागद असला, तर तो बहुधा हृदयाच्या काळजीपोटी लावलेला असतो. गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, इस्ट्रोजेन रिसेप्टर, हर-2 या अहवालांवरून आजाराचे भवितव्य ठरवले जाते. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचे आकडे त्या हिशेबात धरले जात नाहीत. गेल्या दोन दशकांत मात्र कर्करोग-संशोधकांनी हा कागद वेगळ्या नजरेने वाचायला घेतला आहे. उपचार पूर्ण झाल्यावर आजार पुन्हा उलटतो की नाही, याच्याशी रक्तातल्या चरबीचा काही संबंध आहे का, हा त्यांचा प्रश्न आहे.

कोलेस्टेरॉल बदनाम असले तरी शरीराला त्याच्याशिवाय भागत नाही. बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते, शिवाय इस्ट्रोजेनसारखे हार्मोन त्यापासूनच बनतात. रक्तातून ते पेशींपर्यंत पोचवण्याचे काम मुख्यतः एलडीएल कण करतात. पेशी हे कण आपल्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरच्या मदतीने आत घेतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ही यंत्रणा उलगडली आणि 1985 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. झपाट्याने दुभंगणाऱ्या कर्कपेशीला प्रत्येक नव्या पेशीसाठी नवे आवरण लागते, त्यामुळे कोलेस्टेरॉलची तिची भूक मोठी असते. तरीही केवळ भूक आहे म्हणून रक्तातला साठा वाढला की आजारही वाढतो, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. गरजेपुरते कोलेस्टेरॉल पेशी स्वतःही बनवू शकते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डोनाल्ड मॅकडोनेल आणि एरिक नेल्सन यांच्या गटाने 2013 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या कामामुळे या प्रश्नाला खरी धार आली. शरीरात कोलेस्टेरॉलचे रूपांतर होताना 27-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ तयार होतो. कोलेस्टेरॉल वाढले की सहसा तोही वाढतो. हा पदार्थ इस्ट्रोजेन रिसेप्टरला जाऊन चिकटतो आणि स्तनाच्या कर्कपेशींत इस्ट्रोजेनसारखेच काम करतो, असे या गटाला दिसले. उंदरांमध्ये त्याने गाठी वाढल्या आणि आजाराचा प्रसारही वाढला. हा पदार्थ बनवणारे एन्झाइम काढून टाकले, तेव्हा कोलेस्टेरॉलयुक्त आहाराचा दुष्परिणाम ओसरला. म्हणजे दोष थेट कोलेस्टेरॉलचा नसून त्याच्यापासून बनणाऱ्या पदार्थाचा असावा.

पाळी बंद झालेल्या स्त्रियांच्या उपचारांच्या दृष्टीने या शोधाला विशेष अर्थ आहे. या वयात अंडाशय इस्ट्रोजेन बनवणे जवळपास थांबवतात, पण चरबीच्या ऊतींत अ‍ॅरोमॅटेज या एन्झाइमच्या मदतीने ते थोडे थोडे तयार होत राहते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल ही औषधे नेमके हे एन्झाइम रोखतात. 27-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल मात्र अ‍ॅरोमॅटेजच्या वाटेने बनतच नाही. पुढचे दार बंद करून मागचे उघडे राहावे, तशी ही स्थिती. अर्थात हे प्रयोगशाळेतले चित्र आहे आणि रुग्णांच्या नोंदी इतक्या नीट बोलत नाहीत.

वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, याला कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे आजारच रक्तातली चरबी बदलतो. वाढलेला कर्करोग, मंदावलेली भूक, घटलेले वजन यांमुळे कोलेस्टेरॉल खाली येते. अशा रुग्णाचे कमी कोलेस्टेरॉल आजाराचा परिणाम असते, पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल सहज होते. दुसरे कारण उपचारांचे. केमोथेरपीच्या काळात ट्रायग्लिसराइड वाढून एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल घटल्याचे अनेकदा आढळते. टॅमॉक्सिफेन हे हार्मोन-उपचाराचे औषध एलडीएल कमी करते, पण काही जणींत ट्रायग्लिसराइड वाढवते. रक्त कोणत्या टप्प्यावर घेतले, हे लक्षात न घेता आकड्यांचा अर्थ लावणे फोल आहे. तिसरी गोष्ट लठ्ठपणाची. सुटलेले पोट, वाढलेले इन्सुलिन, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले एचडीएल हा सगळा गोतावळा एकत्रच येतो. त्यातल्या कोणी किती नुकसान केले, हे वेगळे काढणे अवघड जाते.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांवरचे अभ्यास त्या मानाने अधिक बोलके आहेत. डेन्मार्कमध्ये नागरिकांच्या आरोग्याच्या आणि औषधखरेदीच्या राष्ट्रीय नोंदी ठेवल्या जातात. त्यांच्या आधारे 18,769 स्तनकर्करोग-रुग्णांचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या स्त्रियांत 10 वर्षांत दर शंभरांमागे सुमारे 10 जणींचा आजार कमी उलटला, असा त्याचा अंदाज होता. पुढे 2017 मध्ये बिग 1-98 या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या नोंदी पुन्हा तपासण्यात आल्या. या चाचणीत पाळी बंद झालेल्या आणि हार्मोन-संवेदनशील आजार असलेल्या सुमारे 8,000 स्त्रिया होत्या आणि टॅमॉक्सिफेन व लेट्रोझोल यांची तुलना केली गेली होती. हार्मोनचे उपचार चालू असताना ज्यांनी कोलेस्टेरॉलचे औषध सुरू केले, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण कमी आढळले.

आकडे मोहात पाडणारे आहेत, पण कोणी स्टॅटिन घ्यायचे हे या अभ्यासांत चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. नियमित तपासण्या करणारी, डॉक्टरांकडे वेळेवर जाणारी स्त्री स्टॅटिनही घेते आणि इतर काळजीही घेते. आणखी एक फसवा भाग काळाच्या मोजणीत दडलेला असतो. निदानानंतर तिसऱ्या वर्षी स्टॅटिन सुरू करणारी स्त्री त्याआधीची सगळी वर्षे आजार न उलटता जगलेली असते. ती वर्षे औषधाच्या खात्यात जमा केली, तर औषध आहे त्यापेक्षा गुणकारी दिसते. चांगले अभ्यास ही चूक टाळण्याची काळजी घेतात, सगळे घेत नाहीत. म्हणूनच डेन्मार्कमध्ये मास्टर नावाची चाचणी हाती घेण्यात आली. तिच्यात रुग्णांना चिठ्ठीने अटोर्व्हास्टॅटिन किंवा तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली जाते. या प्रश्नाचा निवाडा अशा चाचणीनेच होऊ शकतो.

खाण्यातली चरबी कमी केल्याने काय होते, याची परीक्षा अमेरिकेत दोनदा झाली आणि उत्तरे दोन मिळाली. 2,437 स्त्रियांच्या ‘विन्स’ चाचणीचा निकाल 2006 मध्ये आला. त्यात कमी चरबी खाणाऱ्या गटात 9.8 टक्के आणि नेहमीचा आहार घेणाऱ्या गटात 12.4 टक्के जणींचा आजार उलटला. पुढच्याच वर्षी 3,088 स्त्रियांच्या ‘व्हेल’ चाचणीचा निकाल लागला. भरपूर भाज्या, फळे, चोथा आणि कमी चरबी असा आहार असूनही दोन्ही गटांत जवळपास काहीच फरक नव्हता. ‘विन्स’मधल्या स्त्रियांचे वजन उतरले होते, ‘व्हेल’मधल्यांचे नाही. ताटातल्या तेलापेक्षा वजनकाट्यावरच्या आकड्याला अधिक महत्त्व असावे, असे मानायला इथे जागा आहे.

भारतीय स्त्रीच्या बाबतीत हा हिशेब आणखी वेगळा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाचा पहिला टप्पा महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथे झाला. त्यात कोलेस्टेरॉल जास्त असलेले 13.9 टक्के, ट्रायग्लिसराइड जास्त असलेले 29.5 टक्के, तर एचडीएल कमी असलेले तब्बल 72.3 टक्के आढळले. म्हणजे आपल्याकडचे दुखणे एकूण कोलेस्टेरॉलपेक्षा कमी एचडीएलचे आहे. त्यातच भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात हा कर्करोग दिसतो आणि ट्रिपल निगेटिव्ह प्रकाराचे प्रमाणही जास्त असते. या प्रकारात इस्ट्रोजेन रिसेप्टर नसतो, त्यामुळे वर सांगितलेली इस्ट्रोजेनची वाट तिथे लागू पडत नाही. डेन्मार्कमधल्या साठीच्या स्त्रियांचे निष्कर्ष सोलापूरच्या पंचेचाळिशीतल्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

मग लिपिड प्रोफाइल करायचेच कशाला? हृदयासाठी. डॉक्सोरुबिसिनच्या वर्गातली केमोथेरपीची औषधे, ट्रास्टुझुमॅब आणि छातीच्या डाव्या बाजूला दिलेले रेडिएशन यांचा हृदयावर ताण येऊ शकतो. कर्करोगातून बऱ्या झालेल्या वयस्क स्त्रियांपुढे पुढच्या काळात हृदयविकाराचा धोका मोठा असतो. त्यासाठी डॉक्टरांनी स्टॅटिन दिले असेल, तर कर्करोग आहे म्हणून ते बंद करण्याचे कारण नाही. आणि केवळ कर्करोग उलटू नये म्हणून ते सुरू करण्याइतका पुरावाही आज हाती नाही.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या आणि आधीपासून ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या स्त्रियांनी मात्र रिकाम्या पोटी रक्त तपासून घेत राहावे. आकडा 500 च्या वर गेला, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो आणि औषधात बदल करावा लागू शकतो. हा निर्णय डॉक्टरांचा. अहवाल पाहून घाबरून गोळी परस्पर थांबवू नये. हार्मोन-संवेदनशील आजारात पाच वर्षे घेतलेले टॅमॉक्सिफेन पुढच्या 15 वर्षांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते, आणि हा पुरावा चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांचा आहे.