जास्त धावा म्हणजे मोठा फलंदाज?

देवनारचा नाका असो की दादरचा कट्टा, क्रिकेटचा वाद रंगला की शेवटी एकूण धावांचा आकडा समोरच्याच्या तोंडावर फेकला जातो. रणजी करंडकात सर्वाधिक धावा वसीम जाफरच्या, १५६ सामन्यांत १२,०३८. विजय मर्चंट यांच्या अवघ्या ३,६३९. म्हणजे मर्चंट जुन्या लोकांनी उगाच डोक्यावर घेतलेले, असा निष्कर्ष झटकन निघतो. तो चुकीचा आहे. एकूण धावा आधी संधी मोजतात, गुणवत्ता नंतर. १९५७-५८मध्ये साखळी सामने सुरू होईपर्यंत रणजी बाद पद्धतीने खेळली जाई; पहिलाच सामना हरलात की त्या वर्षीचा करंडक संपला. मर्चंटना मिळाले ४७ डाव, आणि त्यांत सरासरी ९८च्या वर. यात जाफरला कमी लेखायचं कारण नाही. इतकी वर्षं टिकून धावा करणं हाही गुणच.

यावरचा आक्षेप ठरलेला: तेव्हा खेळपट्ट्या पाटा, गोलंदाजी पोचट, धावा कुणीही कराव्यात. पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. पण ‘कुणीही’ हा शब्द तपासून पाहा. डिसेंबर १९४३, ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. हिंदू संघाकडून मर्चंट नाबाद २५०. शेष संघ १३३मध्ये गारद. फॉलोऑननंतर त्याच संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजारेंच्या! म्हणजे बाकीचे सगळे आणि अवांतर मिळून ७८. खेळपट्टी पाटा होती, तर ती या दहा जणांना का पावली नाही? (त्यानंतर काही दिवसांतच मर्चंटनी रणजीत महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ करून हजारेंना उत्तर दिलं.) आणि पाटा खेळपट्टीचा मुद्दा इंग्लंडमध्ये तर पुरताच लंगडा पडतो. १९४६च्या ओल्या उन्हाळ्यात, उघड्या खेळपट्ट्यांवर, मर्चंटनी त्या दौऱ्यात २,३८५ धावा केल्या, सरासरी ७४.५३.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्येही हाच गोंधळ चालतो. बिली हॅमिल्टनने १८९४च्या एका हंगामात १९८ धावा काढल्या. तो विक्रम आजही अबाधित आहे. १८९३मध्ये चेंडू फेकणाऱ्याला मागे सरकवल्यामुळे तेव्हा सगळ्यांच्याच धावा वाढल्या होत्या, हे खरं. पण ती सवलत सगळ्यांना होती. १९८पर्यंत पोचला एकटा हॅमिल्टन. जुन्या खेळाडूला त्याच्याच काळातल्या खेळाडूंशेजारी उभं करून मोजावं, म्हणजे काळाचा फायदा-तोटा आपोआप वजा होतो.

मर्चंट कसोटी खेळले फक्त दहा. शेवटची १९५१मध्ये दिल्लीत, इंग्लंडविरुद्ध, वयाच्या चाळिशीत. धावा १५४.