तीन ते चार

आमच्या भागातल्या एका जुन्या व्यायामशाळेनं दिवाळीनंतर दुपारचा महिला वर्ग बंद केला. तीन ते चार ही त्याची वेळ. सूचना फळ्यावर लागलीच नाही. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आली, शेवटी दोन जोडलेले हात. हॉलमध्ये आता आरसे, ट्रेडमिल आणि एसी येणार आहे. दारावर बोटाचा ठसा द्यायचा, वाटेल तेव्हा आत जायचं आणि वर्षाचे पैसे एकदम भरायचे. योगायोग असा, की सप्टेंबर २०२५ मध्येच जिम, योगवर्ग आणि सलूनवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शांपू, साबण, टाल्कम पावडरही त्याच ५ टक्क्यांत जाऊन बसली. व्यायाम आणि त्वचेची निगा ही चैन नाही, हे सरकारदरबारी मान्य झालं. ज्या बायकांनी हीच गोष्ट आपापल्या घरात भांडून मान्य करून घेतली होती, त्यांचा तास मात्र त्याच हंगामात गेला. तेव्हा हा मागोवा मी चिडून लिहिते आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

सुरुवातीची वर्षं भराभर उलटते. महाराष्ट्रातल्या व्यायामाचा इतिहास सांगायला बसलं की ठरलेली आरती होते. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९१४. पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम, दोन्ही १९२४ ची. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले औंधचे पंतप्रतिनिधी. मुंबईत १९३२ मध्ये सुरू झालेली तळवलकरांची व्यायामशाळा. अमरावतीच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखवलेली प्रात्यक्षिकं. सगळं अभिमानाचं आहे, आणि शताब्द्यांच्या भाषणांत इतकं ऐकलंय की आता जांभई येते. माझ्या आजीपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. तिच्याकडे हळद, साय, डाळीचं पीठ आणि वर्षातून चार दिवस उटणं होतं. आईच्या कपाटात साड्यांमागे अफगाण स्नोची बाटली असायची. मग १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आलं आणि लपवायच्या वस्तूचं नाव तेवढं बदललं. हळदीच्या क्रीमला सौंदर्यप्रसाधन म्हणायचं की औषध, यावर विको आणि अबकारी खातं सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. आमच्या घरात हा खटला एका वाक्यात निकाली निघे. आजारी असशील तर लाव, नाहीतर कुणाला दाखवायचंय?

मला रेंगाळायचंय ते नव्वदच्या दशकात.

त्याची सुरुवात माझ्या लेखी १९९२ मध्ये बँकॉकला झाली. मिस युनिव्हर्सच्या अंतिम फेरीत नागपूरच्या मधू सप्रेला विचारण्यात आलं, देशाची सूत्रं हाती आली तर काय करशील? ती मैदानावर वाढलेली खेळाडू होती. तिनं सांगितलं, खेळासाठी मोठं संकुल बांधेन. ती तिसरी आली. उत्तरानं मुकुट घालवला, असं तेव्हापासून सगळे म्हणत आलेत. गरीब देशातल्या मुलीनं भूक आणि शिक्षण म्हणायला हवं होतं, मैदान कसलं मागते, असा सूर होता. त्या मंचावर दिलं गेलेलं सर्वांत शहाणं उत्तर तेच होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, सुश्मिता सेन मनिलात मिस युनिव्हर्स झाली आणि ऐश्वर्या राय सन सिटीत मिस वर्ल्ड. देशभर पेढे वाटले गेले. उदारीकरण तीन वर्षांचं झालं होतं आणि बाजाराला चेहरे हवे होते. मुली मैदानावर जाव्यात म्हणून कुणी दमडी काढली नाही. मुलींच्या गालांवर मात्र कंपन्यांनी भरपूर खर्च केला.

पण त्याच बाजाराच्या मागच्या दारानं आम्हाला दोन गोष्टी मिळाल्या, आणि त्यांचं श्रेय मी कुणालाही घेऊ देणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे गल्लीतलं पार्लर. हॉटेलातलं नव्हे, तळमजल्यावरच्या वन रूम किचनमधलं. बाहेरच्या खोलीला पडदा, दारावर ‘फक्त महिलांसाठी’, आत एक फिरती खुर्ची आणि बाजूला शिजणाऱ्या कुकरचा वास. ताईनं सहा महिन्यांचा कोर्स केलेला असायचा आणि नवऱ्याची गिरणी किंवा कंपनी बंद पडलेली असायची. थ्रेडिंगला पाच-दहा रुपये. दातात दोऱ्याचं टोक धरून ती भुवया कोरायची आणि तोंड रिकामं झालं की तेवढ्यात चार वाक्यं बोलून घ्यायची. तिथे हेडबाई यायच्या, पोळ्या करणाऱ्या मावशी यायच्या, साखरपुड्याआधीची घाबरलेली मुलगी यायची. स्टीम घेताना चेहरा टॉवेलखाली असल्यामुळे असेल, पण घरात कधी न बोललेलं तिथे बोललं जायचं. कुणाची गर्भपिशवी काढायची ठरलीय, कुणाच्या नवऱ्यानं हात उगारलाय, कोणत्या पतपेढीत पैसे ठेवू नयेत, हे सगळं त्या खुर्चीत कळायचं. ब्लीचचा अमोनिया डोळ्यांत जायचा, तेव्हा रडलं तरी कुणी कारण विचारत नसे.

दुसरी गोष्ट म्हणजे दुपारचा वर्ग. आमच्या बाई शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या, शाळेतून लवकर निवृत्त झालेल्या. खोखोत जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या. तीन ते चार ही वेळ त्यांनी विचार करून निवडली होती. मागचं आवरून झालेलं असतं, चहा टाकायचा असतो तो चारनंतर, मुलं साडेचारला येतात. घड्याळातली तेवढीच फट कुणाच्या मालकीची नव्हती. ओढणी कमरेला बांधून आणि साडीवाल्यांनी पदर खोचून आम्ही सतरंजीवर उभ्या राहायचो. कॅसेट अडकली की बाई टाळ्यांवर मोजायच्या. उठाबशा, सूर्यनमस्कार, शनिवारच्या शाळेतून उसनी आणलेली लेझीम, आणि डंबेल म्हणून वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या. चाळिशीनंतर हाडं ठिसूळ होतात, वजन उचला, नुसतं फिरून भागणार नाही, हे त्या तेव्हा सांगत होत्या. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करायला सांगते. बाईंच्या वर्गात सोमवार ते शुक्रवार ३०० मिनिटं व्हायची आणि बाटल्या रोज उचलाव्या लागायच्या.

हे दोन्ही सहज मिळालं, असं कुणाला वाटेल. नाही. त्या काळातल्या काही जणांचं देणं अजून माझ्याकडे आहे, ते इथे चुकतं करते.

एक हिशेब घरातल्या वडीलधाऱ्यांचा. पार्लरला जाणं म्हणजे नटणं आणि व्यायामाला जाणं म्हणजे काम नसणं, अशी त्यांची वाटणी होती. देवळात तास गेला तर पुण्य, पार्लरमध्ये अर्धा तास गेला तर थेरं. आम्ही भाजीची पिशवी बरोबर नेऊन, येताना कोथिंबीर दिसेल अशी धरून हा प्रश्न सोडवला.

दुसरा हिशेब माझ्याच चळवळीतल्या मैत्रिणींचा. मी पथनाट्यं केलेली, मोर्च्यात घोषणा दिलेली. १९९६ मध्ये बंगळूरुला मिस वर्ल्ड भरली तेव्हा तिच्या निषेधाच्या बैठकीलाही मी होते, आणि तो निषेध मला आजही योग्य वाटतो. पण त्याच बैठकीत माझ्या कोरलेल्या भुवयांकडे बघून एक वडीलधारी कार्यकर्ती म्हणाली, तूसुद्धा? सौंदर्याचा बाजार आणि पार्लरची ताई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या हुशार बायकांना कधी उमगलं नाही. बाजारानं आम्हाला आरशापुढे एकटं उभं केलं. ताईनं आम्हाला रांगेत एकमेकींशेजारी बसवलं.

तिसरा हिशेब एका डॉक्टर लेखकांचा. दिवाळी अंकांतून ते दरवर्षी लिहीत, की आजच्या स्त्रीला वेगळ्या व्यायामाची गरज नाही. केर काढणं, कपडे पिळणं, कणीक मळणं यांतच सर्वांगसुंदर व्यायाम होतो, कणकेनं तर दंड, मनगटं आणि खांदे एकाच वेळी घडतात. स्वतः ते सकाळी टेकडीवर फिरायला जात.

आणि चौथा हिशेब गोरेपणाच्या जाहिरातींचा. मुलगी काळी म्हणून स्थळ फिरलं, क्रीम लावलं, नोकरी लागली, ही गोष्ट त्यांनी आमच्या मुलींना पाळण्यातच ऐकवली. ‘फेअर’ हा शब्द त्या डबीवरून जायला २०२० साल उजाडावं लागलं. तोवर झालेलं नुकसान कुणी भरून दिलं नाही. जे बाजारात राजरोस विकलं जात होतं, त्याच्यामागून आणखी वाईट आलं. खाज-बुरशीसाठीची स्टेरॉइडची मलमं मुली गोरं व्हायला चेहऱ्यावर लावत राहिल्या. त्वचारोगतज्ज्ञ ओरडत होते. २०१८ मध्ये सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडाच्या आजाराची बातमी आली. त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला होता. आजीच्या हळदीनं फार तर उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा.

पुढच्या वीस वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टीव्हीवर पहाटे रामदेवबाबा आले आणि घराघरातून कपालभातीचे आवाज येऊ लागले. २००९ मध्ये ऋजुता दिवेकरांचं पुस्तक आलं आणि तूपभात पुन्हा प्रतिष्ठित झाला, याबद्दल त्यांचे आभार. मग डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत उरका. दिवेकरांचं ऐकायचं की दीक्षितांचं, यावरून २०१८ च्या सुमारास आमच्या नात्यातले दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुटले. दोन्ही बाजूंचा स्वयंपाक एकच बाई करत होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. करोनात हॉल बंद झाले, पार्लर बंद झाली. हॉल उघडले. ताईनं मात्र खोली विकली आणि आता ती अ‍ॅपवाल्या कंपनीसाठी पाठीवर बॅग घेऊन घरोघर जाते. प्रत्येक घरी एकच बाई, दारं बंद, कामाला लागलेली मिनिटं मोजलेली, वर गिऱ्हाइकानं दिलेले तारे. ती म्हणते, पैसे बरे मिळतात. बोलायला मात्र कुणी नसतं.

आणि आताची गोष्ट. माझ्या भाचीच्या बेसिनवर सात बाटल्या आहेत. सकाळचं सीरम वेगळं, रात्रीचं वेगळं, मध्ये नायसिनामाइड, एक दिवसाआड रेटिनॉल, वर सनस्क्रीन. सनस्क्रीन मला पटतं, चांगलं आहे ते. बाकीच्यांचा क्रम चुकला तर ती अस्वस्थ होते. मनगटावरचं घड्याळ तिला सकाळी सांगतं की तू नीट झोपली नाहीस, आणि ते वाचून तिचा दिवस खराब जातो. दहा हजार पावलं झाली नाहीत तर ती रात्री साडेदहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानी बाजारात आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या विक्रीसाठी तो पुढे आला. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मावशी, पण घड्याळ वाजतं ना.

मुलगी आळशी नाही, मूर्ख नाही. तिचा पगार माझ्या शेवटच्या पगाराच्या तिप्पट आहे. पण आम्ही जो तास घराबाहेर पडून, चारचौघींत, कुणाचं तरी न ऐकता मिळवला होता, तो तिच्याकडे कामांची यादी होऊन आला आहे. आम्ही त्या तासात विसावत होतो. ती त्यात नापास होते. रविवारी फेस मास्क लावून ती लॅपटॉप उघडते आणि याला स्वतःची काळजी घेणं म्हणते. तिच्या शेजारी सतरंजीवर कुणी नाही. तिनं बाटली उचलली नाही तर ओरडणाऱ्या बाई नाहीत.

व्यायाम, त्वचा आणि मन यांचा तोल कसा साधावा, यावर हल्ली रोज कुणीतरी सल्ला देतं. पहाटे पाचला उठा, पाणी प्या, ध्यान करा, तासभर घाम गाळा, शांतपणे न्याहारी करा. सल्ला वाईट नाही. फक्त ती न्याहारी तोवर कुणी केली, हे त्यात नसतं. उत्तर सरकारी आकड्यांत आहे. केंद्राच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात २०१९ मध्ये दिवसाला २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांची २८९ झाली आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत बायकांना दहा मिनिटं सुटली, पुरुषांनी नऊ सोडवून घेतली. दहा मिनिटांत सात बाटल्यांपैकी फार तर चार लावून होतात.

म्हणून माझं मागणं सीरमच्या कंपनीकडे नाही आणि सरकारकडेही नाही, त्यांची सवलत देऊन झाली आहे. मागणं घरातल्या पुरुषांकडे आहे. बायकोच्या वाढदिवसाला घड्याळ, क्रीमचा संच किंवा जिमची वर्षाची पावती आणू नका. रोज संध्याकाळी परात पुढे ओढा आणि कणीक मळायला घ्या. दंड, मनगटं, खांदे, सगळं एकाच वेळी घडतं. विश्वास बसत नसेल तर जुने दिवाळी अंक काढून बघा, डॉक्टरसाहेबांनी सविस्तर लिहून ठेवलंय.